कर्णावरची गावं

संगणकावर काढलेल्या चित्रात सगळ्यात वाईट चूक कोणती, असं विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: जिच्यात एरर येत नाही ती. लाल अक्षरांत तक्रार उमटली की माणूस निदान शोधायला लागतो. चित्र गुळगुळीत, रंगीत, समोर उभं राहिलं की शोध तिथेच संपतो.

मी लातूरच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. माहेर नांदेडचं. एम.एस्सी.च्या मुलांना शेवटच्या सत्रात प्रकल्प असतो आणि त्यात मी त्यांच्याकडून पायथॉनमध्ये भूकंपलाटांचं सिम्युलेशन करून घेते. विषय शोधायला लांब जावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारी. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं. ६.२ मॅग्निट्यूडचा धक्का जगाच्या हिशेबात फार मोठा नव्हे; पण केंद्र उथळ, घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद, आणि माणसं झोपेत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो गेले. माझ्या वर्गातली मुलं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मलेली, तरी ती पहाट प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी सांगितलेली असते.

आमचं प्रतिमान अगदी बाळबोध आहे. लातूर मधोमध, चारही बाजूंना १२० किलोमीटर, दर दोन किलोमीटरला एक बिंदू. म्हणजे १२१ ओळी आणि १२१ स्तंभ, एकूण १४,६४१ आकडे. लाटेचा वेग सगळीकडे सेकंदाला साडेतीन किलोमीटर. खऱ्या जमिनीत वर दख्खनचा बेसाल्ट, किल्लारीजवळ तो साडेतीनशे मीटरच्या आत संपतो आणि खाली कितीतरी जुना खडक लागतो. ते सगळं आम्ही सोडून देतो. किल्लारी लातूरच्या जवळपास थेट दक्षिणेला, एकोणचाळीस किलोमीटरवर धरायची आणि तिथून निघालेली लाट कुठल्या बिंदूला किती सेकंदांनी पोचते त्याचं क्षेत्रचित्र काढायचं, एवढंच काम.

अहमदपूरच्या एका मुलानं ते मन लावून केलं. इमशो ही आज्ञा पहिली ओळ चित्राच्या माथ्यावर ठेवते, त्यामुळे नकाशा उभा उलटा होतो. या खड्ड्यात प्रत्येक जण एकदा पडतो. हा पडला नाही, त्यानं ‘ओरिजिन’ आधीच ‘लोअर’ करून ठेवला होता. चित्रावर लातूर, नांदेड आणि आपलं गाव अशी तीन नावं घातली. मग कागदावर हिशेब केला: किल्लारी ते नांदेड सरळ रेषेत १४५ किलोमीटर, भागिले साडेतीन, म्हणजे एक्केचाळीस सेकंद. चित्रात नांदेडवर कर्सर नेला, एक्केचाळीस. अहमदपूरला तेवीस यायला हवे होते, चित्रातही तेवीसच. पोरगं खूश. मीही मान डोलावणार, एवढ्यात मागून मुरूडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, किल्लारी आमच्या मुरूडकडं कवा आली?”

वर्तुळांचं केंद्र लातूरच्या खाली नव्हतं, डावीकडे होतं. दक्षिणेची किल्लारी पश्चिमेला, बार्शी रस्त्यावर जाऊन बसली होती.

कारण क्षुल्लक होतं. मुलानं ॲरे भरताना पहिला क्रमांक पूर्व-पश्चिमेचा धरला होता आणि दुसरा दक्षिण-उत्तरेचा. चित्र काढणारी आज्ञा पहिला क्रमांक ओळीचा, म्हणजे उभ्या दिशेचा समजते. सगळा प्रदेश आडव्याचा उभा आणि उभ्याचा आडवा झाला. जाळी १२१ गुणिले ९७ अशी असती तर कंटूर काढणाऱ्या आज्ञेनं लांबी जुळत नाही म्हणून तिथेच काम थांबवलं असतं. पण १२१ गुणिले १२१ ला कुठली बाजू कुठली हे विचारायची सोयच नाही. “मॅडम, एरर तर काहीच आली नाही की,” मुलगा म्हणत होता, आणि ते खरं होतं. नांदेड आणि अहमदपूर दोन्ही ठिकाणचे आकडे कसे जुळले, ते पुढे सांगते. माझा खरा विषय तोच आहे.

विश्वास आधी ठेवायचा आणि मोडला तर सोडायचा, की आधी तपासायचं आणि मग ठेवायचा? देवाधर्माच्या बाबतीत हा प्रश्न आपण फार लवकर भावनेवर नेतो. पडद्यावरच्या चित्राबाबत तो कोरडा राहतो, म्हणून तिथे तो मला जास्त नीट दिसतो. आणि आपल्याकडच्या जुन्या पंडितांनी त्यावर जेवढं डोकं घासलं आहे तेवढं संगणकाच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत मी पाहिलेलं नाही.

वडील, म्हणजे अण्णा, नांदेडला शाळेत संस्कृत शिकवत. त्यांनी मला लहानपणी तर्कसंग्रह शिकवला. अन्नंभट्टांचं सतराव्या शतकातलं हे पुस्तक इतकं छोटं आहे की पोराटोरांनाही भीती वाटू नये. त्यात चुकीच्या ज्ञानाचं उदाहरण तेच ते, शिंपल्यावर दिसलेली चांदी. लहानपणी मला प्रश्न पडे की नांदेडमध्ये गोदावरीच्या वाळूत एवढे शिंपले सापडतात, त्यात एकदाही कुणाला चांदी कशी दिसली नाही. पण त्या एका शिंपल्यावरून जी भांडणं झाली ती कामाची आहेत. भ्रमात दिसलेली चांदी नेमकी असते कुठे?

न्यायशास्त्राचा माणूस, म्हणजे नैयायिक, म्हणतो, चांदी खोटी नाही. ती सराफाच्या दुकानात आहे, फक्त इथे नाही. एका जागची खरी वस्तू दुसऱ्या जागी दिसणं म्हणजे भ्रम. अहमदपूरच्या मुलाचं चित्र तंतोतंत असं होतं. १४,६४१ आकड्यांतला एकही खोटा नव्हता, एकही हरवला नव्हता. गणित बरोबर, भौतिकी बरोबर. म्हणून तो गणितात चूक शोधत बसला असता तर त्याला ती जन्मात सापडली नसती.

प्रभाकर मीमांसकाचं म्हणणं याहून चमत्कारिक. त्याच्या मते चुकीचं ज्ञान अशी वस्तूच नाही. समोरचं ‘हे’ खरं दिसलेलं आहे, ‘चांदी’ ही खरी आठवलेली आहे. फक्त ही दोन ज्ञानं वेगवेगळी आहेत एवढं ध्यानात आलं नाही. विद्यार्थिदशेत मला ही निव्वळ पळवाट वाटायची. मग २१ मार्च २०२४ आला. त्या पहाटे हिंगोली जिल्ह्यात ४.५ मॅग्निट्यूडचा धक्का बसला, नांदेडकर घराबाहेर आले. पुढच्या तुकडीतल्या एका मुलीनं किल्लारीचा आणि हिंगोलीचा, दोन्ही धक्क्यांत जमीन किती हलली याची चित्रं शेजारीशेजारी लावली. दोन्हींच्या मधोमध सारखाच गडद लाल. पाहणाऱ्या कुणालाही वाटावं की दोन्हीकडे सारखंच हादरलं. प्रत्यक्षात १.७ मॅग्निट्यूडचा फरक म्हणजे लाटेच्या उंचीत सुमारे पन्नासपट. पायथॉन प्रत्येक चित्राची रंगपट्टी त्या त्या चित्रातल्या सर्वांत लहान-मोठ्या आकड्यावर आपोआप ताणतो. पहिलं चित्र खरं, दुसरंही खरं, दोहोंच्या कडेला आकडेही बरोबर छापलेले. चूक होती ती भेद न कळण्याची. दोन्ही चित्रांना एकच किमान आणि एकच कमाल दिली की हिंगोलीचं चित्र फिकट पडतं. प्रभाकराला मी तेव्हापासून पळपुटा म्हणत नाही.

आणि एक तिसरी जात आहे, तिच्यावर अद्वैत्यांचा हात बसलेला आहे. शिंपला ओळखला की चांदी जाते. पण जास्वंदीचं फूल स्फटिकाशेजारी ठेवलं तर स्फटिक लाल दिसतो, आणि तो लाल नाही हे पक्कं माहीत झाल्यावरही लालच दिसत राहतो. हा सोपाधिक भ्रम. तो ज्ञानानं जात नाही, फूल उचलावं लागतं. पायथॉनमध्ये चित्रं काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबची जुनी रंगपट्टी, ‘जेट’ नावाची, निळा-हिरवा-पिवळा-लाल, ही अशी जास्वंद आहे. लाटेच्या वेळा एकसारख्या वाढत असताना पिवळ्या रंगापाशी डोळ्याला काठ दिसतो, जणू तिथे जमिनीत काहीतरी बदललं. मला माहीत आहे की तिथे काही नाही. तरी दिसतो. मुलांना समजावून उपयोग नाही, पट्टी बदलायची. २०१७ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिबनंच ‘जेट’ बाजूला ठेवून उजेड एकसारखा चढत जाणारी ‘व्हिरिडिस’ आणली, ते बरं झालं. आमच्याकडे मात्र जुन्या प्रबंधांतली चित्रं पाहून मुलं हट्टानं जेट मागतात, कारण ते ‘सायंटिफिक’ दिसतं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. चित्र समोर आलं. ते खरं मानून चालायचं की नाही?

सातव्या शतकातल्या मीमांसक कुमारिलभट्टाचं उत्तर धीट आहे: मानून चालायचं. ज्ञानाला खरेपणा बाहेरून चिकटवावा लागत नाही, तो त्याचा स्वतःचाच असतो. हे स्वतःप्रामाण्य. ज्ञान खोटं ठरायला मात्र बाहेरचं काहीतरी लागतं आणि ते दोनच प्रकारचं असू शकतं. एक तर पुढून विरुद्ध ज्ञान येऊन आधीच्याला बाधतं, नाही तर ते ज्ञान ज्यातून जन्मलं त्या साधनातच दोष सापडतो. मुरूडच्या मुलाचा प्रश्न हा पहिला प्रकार. ॲरेच्या क्रमांकांची अदलाबदल हा दुसरा.

साधनातले दोष मोजायला बसलं तर रात्र पुरणार नाही. फोर्ट्रानमधल्या जुन्या प्रोग्रामनं लिहिलेली फाइल स्तंभामागून स्तंभ अशी असते, पायथॉन ती ओळीमागून ओळ वाचतो. सिम्युलेशनच्या कडेला हिशेबापुरते ठेवलेले जादा बिंदू चित्रात घुसतात आणि काठावर खोटी भिंत उभी राहते. पीकलरमेश या चित्र काढणाऱ्या आज्ञेच्या जुन्या आवृत्त्या मापं जुळली नाहीत की शेवटची ओळ आणि शेवटचा स्तंभ गुपचूप गाळून टाकत. हल्लीच्या आवृत्त्या भांडतात, आणि मला ते भांडण आवडतं. हवामान खात्याच्या तापमानाच्या फाइलीत जिथे माहिती नाही तिथे ९९.९ लिहिलेलं असतं. ते न झाकता चित्र काढलं तर समुद्र उकळायच्या बेताला आलेला दिसतो आणि सगळा देश, काश्मीर ते कन्याकुमारी, जवळपास एकाच रंगाचा.

याच खात्याकडे माझ्या मुद्द्याची दोन उदाहरणं शेजारीशेजारी आहेत. पावसाची जाळी १३५ गुणिले १२९. तिच्या ओळी-स्तंभांची अदलाबदल करून ती उलगडली तर चित्र तिरकं फाटतं, बघताक्षणी कळतं. तापमानाची जाळी ३१ गुणिले ३१. ती बिनतक्रार आडवी होते. तरी तिथे भारताची आकृती वाचवते. केरळचं टोक डावीकडे गेलेलं कुणालाही खपणार नाही. आपल्या मराठवाड्याला समुद्रच नाही. गुळगुळीत क्षेत्राला ओळखीचा काठ नाही. इथे चौरस जाळी घेऊन काम करणारा माणूस पूर्णपणे तिच्या मर्जीवर असतो.

कुमारिलाची आणखी एक गोष्ट मला फार व्यवहारी वाटते. तपासणीला तपासणी, तिला आणखी तपासणी, असं किती मागे जायचं? तो म्हणतो, तीन-चार पायऱ्यांपलीकडे जायची गरज पडत नाही. शंकेला काही कारण हवं. कारणाशिवाय शंका घेत राहणाऱ्याचा कुठलाच व्यवहार होणार नाही. मुलांपैकी निम्मी काहीच तपासत नाहीत आणि काही थोडी अशी असतात की रात्रंदिवस तपासत राहतात आणि प्रकल्प जमा करत नाहीत. दुसऱ्या गटाला मी कुमारिल सांगते.

नैयायिकाला हे पटत नाही. त्याच्या मते खरेपणा मिळवावा लागतो. दुरून पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली. तेव्हा ते ज्ञान खरं ठरलं. लातूरमध्ये राहणाऱ्याला या उदाहरणाची चव वेगळी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आमच्या शहरात आली. पहिल्या फेरीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात भूजलाचे नकाशे घेऊन फिरणारेही होते आणि नारळ तळहातावर ठेवून चालणारे पानाडेही. दोघंही बोट दाखवून सांगत, इथे पाणी आहे. शेतकरी दोघांनाही एकाच मापानं मोजायचा: बोअर घेतला, लागलं की नाही. मला त्यात नैयायिकाचा अख्खा सिद्धांत दिसतो. भूजलाचं सिम्युलेशन असेल तर मी मुलांना हेच सांगते, चार विहिरी बाजूला काढून ठेव, त्यांची पातळी प्रतिमानाला सांगू नको, मग बघ जुळते का.

पण किल्लारीचं काय करायचं? तिथे जाऊन पिता येत नाही. पुढच्या भूकंपाच्या चित्राचा खरेपणा भूकंप झाल्यावर कळून उपयोग काय? ज्या ज्ञानाची गरज सगळ्यात जास्त, त्याची फलावरून परीक्षा करायला वेळच मिळत नाही. तिथे कुमारिल जिंकतो. मानून चालावं लागतं, आणि म्हणून बाधक ज्ञान येण्याच्या वाटा मोकळ्या आहेत ना, एवढंच आधी पाहून ठेवता येतं. आमच्या विभागात आता ओळी आणि स्तंभ सारखे ठेवायचे नाहीत असा नियमच केला आहे.

इथवर मला सगळं सोपं वाटत होतं. मग मी नांदेडला गेले असताना हे अण्णांना सांगितलं.

अण्णा नव्वदीकडे आलेत. कान गेले आहेत, पण शास्त्राचा विषय निघाला की ऐकू येतं. त्यांचं घराणं कर्मठ; संध्या अजून चुकत नाही. मी म्हटलं, “अण्णा, कुमारिलानं हा सगळा खटाटोप कशासाठी केला? वेद वाचवायला. वेदाला कर्ता नाही, अपौरुषेय; म्हणजे बोलणाऱ्याचा दोष निघायची शक्यता नाही. आणि वेद सांगतो ते धर्माबद्दल, स्वर्गाबद्दल, जिथे डोळा पोचत नाही. म्हणजे पुढून विरुद्ध ज्ञान यायचीही शक्यता नाही. खोटं ठरायच्या दोन वाटा त्यानंच दाखवल्या आणि दोन्ही वेदापुरत्या बंद केल्या. ही चौरस जाळी झाली. एरर येत नाही, कारण यायला जागाच नाही.”

मला वाटलं होतं ते रागावतील. ते म्हणाले, “चौरस जाळी म्हणजे चुकीचं चित्र, असं कुठं म्हणालीस तू? तुझ्याच वर्गात चौरस जाळीवर बरोबर चित्र काढणारी पोरं नसतील का?”

होती. बरीच होती. हा मुद्दा मला मान्य करावा लागतो आणि तो लहान नाही. खोटं ठरू न शकणारी गोष्ट खोटी असते असं नाही. फक्त ती खरी आहे हे सांगताना ‘बघा, कधी खोटी ठरली नाही’ हा पुरावा वापरता येत नाही. अण्णांना वेद खरा आहे असं म्हणायचा अधिकार आहे, न मोडल्याचं श्रेय घेण्याचा नाही. (आणि मॅटप्लॉटलिबला तर तोही अधिकार नाही. ती जॉन हंटर नावाच्या मज्जाशास्त्राच्या अभ्यासकानं अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले संकेत पाहता यावेत म्हणून लिहायला घेतलेली गोष्ट, २००३ साली लोकांसमोर आलेली, अगदी पौरुषेय.)

मग अण्णांनी बाजू बदलली. शास्त्री लोक ही खेळी नेहमी करतात, मीमांसेत अडले की न्यायात जातात. म्हणाले, “बाई, गौतमानं काय म्हटलंय ते विसरलीस. वेद कर्त्याचाच मान. पण त्या कर्त्याचं बोलणं विश्वासाचं कसं? तर मंत्र आणि आयुर्वेद बघ. औषध घेतलं, ताप उतरला. जो भाग तपासता येतो तो खरा निघाला, तर बोलणारा जाणता आहे, आणि मग न तपासता येणारा भागही त्याच्याच तोंडचा म्हणून मानायचा.”

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातला हा युक्तिवाद मला नेहमीच सुंदर वाटत आला आहे. मीमांसकासारखा तो दार लावून घेत नाही. काही ठिकाणी तपासा, मग पुढे चला, असं म्हणतो. आम्ही प्रयोगशाळेत रोज हेच करतो. आणि नेमकं हेच अहमदपूरच्या मुलानं केलं होतं. जिथे तपासता येत होतं तिथे तपासलं. नांदेड जुळलं, अहमदपूर जुळलं, म्हणून बाकीचं चित्र मानलं.

अण्णांच्या टेबलावर वहीचा कागद घेऊन मी त्यांना आकृती काढून दाखवली. लातूर मध्यभागी. नांदेड तिथून पूर्वेला अठ्ठ्याहत्तर किलोमीटर आणि उत्तरेला त्र्याऐंशी. आडव्याचं उभं आणि उभ्याचं आडवं केलं तर पूर्वेला त्र्याऐंशी, उत्तरेला अठ्ठ्याहत्तर. म्हणजे जवळपास तिथल्या तिथेच. नांदेड चौकोनाच्या कर्णावर बसलंय, आणि ही अदलाबदल म्हणजे कर्णावर आरसा ठेवणं. कर्णावरचा बिंदू हलत नाही. अहमदपूर पूर्वेला सदतीस, उत्तरेला तेहतीस. तेही कर्णावर. लोहा सत्तावन्न आणि एकसष्ट. चाकूर तेवढं थोडं बाजूला आहे. लातूरहून नांदेडला जाणारा एसटीचा रस्ताच जवळपास त्या कर्णावरून जातो. म्हणजे मी ज्या रस्त्यानं आयुष्यभर माहेर-सासर केलं, त्या रस्त्यावरच्या बहुतेक गावांत तपासत गेले असते, तर प्रत्येक गावानं साक्ष दिली असती की चित्र बरोबर आहे. खोटी साक्ष नव्हे. त्यांच्यापुरतं ते बरोबरच होतं. उदगीर थेट पूर्वेला आहे. तिथे हिशेबानं वीस सेकंद हवेत, चित्रात सत्तावीस दिसतात. मुरूड पश्चिमेला. पण तिकडे आमचं येणंजाणं नाही.

अण्णा बराच वेळ त्या रेघेकडे बघत होते. मग म्हणाले, “म्हणजे तुझं म्हणणं असं, की ताप उतरला हे अहमदपूर झालं.”

“असेल किंवा नसेल. पण ते कर्णावर आहे की नाही, हे कर्णावरून चालणाऱ्याला कसं कळणार?”

“आणि उदगीर निवडायचं हे तुला कसं कळलं?”

प्रामाणिक उत्तर असं, की चूक सापडल्यानंतर कळलं. कुठल्या जातीची चूक आहे हे माहीत असलं की कुठल्या गावी जाऊन विचारायचं ते ठरवता येतं. माहीत नसलं तर आपण आपल्या ओळखीच्याच गावी जातो, आणि ओळखीचं गाव ओळखीच्याच रस्त्यावर असतं. संप्रदायाच्या बाबतीत मला हे जास्त खरं वाटतं. वारकरी आपल्या श्रद्धेची परीक्षा संतांच्या अनुभवावर घेतो, शास्त्री ती शास्त्रावर घेतो, माझ्यासारखी माणसं ती प्रयोगशाळेत घेतात आणि तिथे ती नापास झाली की समाधानानं घरी येतात. तिघंही मनापासून तपासतात. वर्गात मी आता वेगळी रीत घातली आहे. प्रत्येकानं चित्रावर आपापलं गाव घालायचं, आणि तपासायचं मात्र दुसऱ्याचं. निलंग्याच्या मुलीनं देगलूर, देगलूरच्या मुलानं मुरूड. यातून सगळ्या चुका सापडतील असं नाही. आमच्या वर्गातली सगळीच मुलं शेवटी दोन जिल्ह्यांतली.

जुने ग्रंथ पूर्वपक्षानं सुरू होतात ते उगीच नाही, असं मी अण्णांना म्हटलं. समोर बौद्ध नसता तर कुमारिलाला एवढ्या खोलात जावंच लागलं नसतं. “पण अण्णा, तुमच्या मुरूडचं कोण होतं?”

“कुरुंदकर गुरुजी,” ते लगेच म्हणाले.

नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात होते, पुढे प्राचार्य झाले, १९८२ मध्ये अकाली गेले. उघड नास्तिक माणूस, आणि शास्त्रं शास्त्र्यांइतकीच वाचलेला. अण्णा त्यांच्या व्याख्यानाला पुढच्या रांगेत बसत आणि घरी येऊन आईजवळ तासन्‌तास त्यांचं खंडन करत, हे मला आठवतं.

“त्यांचं ऐकून तुमचं काही बदललं?”

“वेदाबद्दल नाही,” अण्णा म्हणाले. “पण तोवर मी तर्कसंग्रह मुंज झालेल्या मुलांनाच शिकवत होतो. त्या वर्षी तुला शिकवायला घेतला.”